४३३ आणि ८६६ : एका अँटेनाचे दोन धनी

४३३.९२ ला दोनाने गुणले की ८६७.८४ येतात. पाचवीतल्या मुलाला जमेल असा हा गुणाकार. पण एकाच बोर्डावर दोन रेडिओ बँड बसवू पाहणाऱ्या इंजिनिअरचा सगळा आराखडा तो उलटवू शकतो. कसा, ते समजायला जरा मागून सुरुवात करावी लागेल.

वायफाय आणि ब्लूटूथ २४०० मेगाहर्ट्झच्या आसपास चालतात. तिथे गर्दी भरपूर, आणि भिंती, झाडांचा पाला, ओली माती यांतून जाताना त्या लहरी लवकर क्षीण होतात. ज्या उपकरणांना माहिती थोडीच पण लांबवर पाठवायची असते, ती एक गिगाहर्ट्झच्या, म्हणजे हजार मेगाहर्ट्झच्या खाली राहतात. टोलनाक्यावर वाचला जाणारा फास्टॅग, सोसायटीच्या पाण्याचा दूरवरून वाचता येणारा मीटर, शेतातल्या मातीची ओल कळवणारा सेन्सर, गेट उघडणारा रिमोट, ही सगळी या प्रदेशातली मंडळी.

अडचण अशी की प्रत्येक देशाने या प्रदेशातला वेगळा तुकडा मोकळा ठेवला आहे. युरोपात ४३३.०५ ते ४३४.७९ आणि ८६३ ते ८७० मेगाहर्ट्झ. अमेरिकेत ९०२ ते ९२८. भारताने २००५ साली ८६५ ते ८६७ हा तुकडा विनापरवाना वापरासाठी खुला केला आणि २०२१ मध्ये तो ८६८ पर्यंत वाढवला. अमेरिकेचा तुकडा आपल्याकडे का चालत नाही, याचे कारण साधे आहे: ८९० ते ९१५ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात आपले मोबाइल फोन टॉवरशी बोलतात. तिकडून आणलेले ९१५ चे यंत्र इथे सुरू केले तर ते जवळच्या टॉवरच्या कानात ओरडू लागेल. तेव्हा परदेशी माल घेताना डब्यावरचा आकडा वाचणे हे केवळ कायद्यासाठी नाही, शेजाऱ्यांसाठीही गरजेचे आहे.

बनवणाऱ्याला मात्र प्रत्येक देशासाठी वेगळा बोर्ड परवडत नाही. चिप तर सगळे बँड बोलू शकते. आज मिळणाऱ्या सेमटेकच्या एसएक्स१२६२ सारख्या चिपा १५० ते ९६० मेगाहर्ट्झ एवढा मोठा प्रदेश व्यापतात. मग अडते कुठे? चिप आणि अँटेना यांच्या मधल्या चार-सहा कणांएवढ्या भागांत, म्हणजे मॅचिंग नेटवर्कमध्ये.

विहिरीच्या जाड दोराला पातळ सुतळी बांधा आणि सुतळीला झटका द्या. लहर गाठीपर्यंत जाईल, थोडी दोरात शिरेल आणि बरीचशी माघारी येईल. रेडिओच्या लहरीचेही असेच होते. चिपच्या बाजूचे विद्युतदाब आणि प्रवाह यांचे प्रमाण एक, अँटेनाच्या बाजूचे दुसरे. दोन्ही जुळत नसतील तर शक्तीचा मोठा वाटा परत फिरतो. या प्रमाणाला इम्पीडन्स म्हणतात. त्याचे दोन भाग. एक रोध, जिथे शक्ती खरोखर खर्ची पडते किंवा बाहेर जाते. दुसरा रिअ‍ॅक्टन्स, जो कॉइल आणि कपॅसिटर यांच्यामुळे येतो. तो शक्ती खात नाही, साठवतो आणि लगेच परत करतो. दोन्ही ओहममध्येच मोजतात.

अँटेना, केबल आणि मोजणीची यंत्रे यांच्यात ५० ओहम हा सर्वमान्य आकडा झाला आहे. हवा भरलेल्या समाक्ष केबलमध्ये सर्वांत कमी नुकसान ७७ ओहमच्या जवळ होते आणि सर्वांत जास्त शक्ती ३० ओहमच्या जवळ वाहून नेता येते. ५० ही त्या दोघांमधली तडजोड. चिपमधल्या अ‍ॅम्प्लिफायरला मात्र या तडजोडीशी देणेघेणे नाही. त्याच्याकडे बॅटरीचे ३.३ व्होल्ट असतात. तेवढ्या दाबातून अर्धा वॅट काढायचा तर त्याच्यासमोर साधारण १० ओहमचा भार हवा. एक वॅट हवा असेल तर साडेपाच ओहमच्या आसपास. दाबाचा वर्ग भागिले शक्तीची दुप्पट, एवढाच तो हिशेब. भार ५० ओहमचा ठेवला तर त्याच बॅटरीतून जेमतेम दहावा हिस्सा वॅट निघतो.

म्हणजे आपल्याला ५० ओहमचा अँटेना अ‍ॅम्प्लिफायरला १० ओहमचा भासवायचा आहे. त्यासाठी दोनच भाग पुरतात. अ‍ॅम्प्लिफायरकडून निघणाऱ्या रेषेत एक कॉइल, आणि अँटेनाच्या टोकाशी जमिनीकडे, म्हणजे बोर्डाच्या ग्राउंडकडे, जाणारा एक कपॅसिटर. इंग्रजी एल अक्षरासारखी ही मांडणी, म्हणून तिला एल-नेटवर्क म्हणतात. ५० ला १० ने भागा, एक वजा करा, वर्गमूळ काढा: उत्तर २. हा आकडा म्हणजे नेटवर्कचा क्यू. तो जितका मोठा, तितके नेटवर्क एकाच फ्रिक्वेन्सीला घट्ट चिकटून राहते. कॉइलचा रिअ‍ॅक्टन्स १० च्या दुप्पट, २० ओहम. कपॅसिटरचा ५० च्या निम्मा, २५ ओहम. ४३३.९२ मेगाहर्ट्झवर याचा अर्थ ७.३ नॅनोहेन्रीची कॉइल आणि १४.७ पिकोफॅरडचा कपॅसिटर. ८६६ वर दोन्ही निम्म्याने कमी: ३.७ नॅनोहेन्री आणि ७.४ पिकोफॅरड.

हे किती लहान आकडे आहेत याचा अंदाज यावा म्हणून सांगतो: बोर्डावरची तांब्याची बारीक रेघ मिलिमीटरभर लांबली तरी एक नॅनोहेन्रीच्या जवळपास जाईल एवढी कॉइल आपोआप तयार होते. ८६६ मेगाहर्ट्झवर एका नॅनोहेन्रीचे साडेपाच ओहम होतात. ३.७ चा भाग बसवायचा आणि तो बसवायला आखलेली रेघच एकची भर टाकणार. कागदावरचा हिशेब आणि बोर्डावरचे मोजमाप यांच्यातली दरी इथूनच सुरू होते.

पूर्वी हे हिशेब हाताने, संमिश्र संख्यांच्या गुणाकार-भागाकारांतून करावे लागत. बेल लॅबोरेटरीजमधल्या फिलिप स्मिथ यांनी १९३९ च्या जानेवारीत ‘इलेक्ट्रॉनिक्स’ मासिकात एक गोल तक्ता प्रसिद्ध केला आणि तो त्यांच्याच नावाने रूढ झाला. जपानमध्ये मिझुहाशी तोसाकु यांनी १९३७ सालीच असा तक्ता मांडला होता. त्यांचे नाव मागे राहिले याची मला नेहमी हळहळ वाटते. तक्त्याच्या मध्यबिंदूवर संपूर्ण जुळणी, परिघावर संपूर्ण परतफेड. रेषेत कॉइल घातली की बिंदू एका वर्तुळावरून घड्याळाच्या दिशेने सरकतो. जमिनीकडे कपॅसिटर जोडला की दुसऱ्या वर्तुळावरून. जुळणी करणे म्हणजे अशा वर्तुळांच्या वळणांवरून मध्यापर्यंत पोचणे. आज संगणक क्षणात उत्तर देतो, तरी मोजणीच्या यंत्राच्या पडद्यावर हाच तक्ता असतो. कारण कोणता भाग वाढवायचा आणि कोणता घटवायचा हे आकड्यांच्या रांगेपेक्षा वक्राच्या वळणातून लवकर दिसते.

आता मूळ प्रश्नाकडे. ४३३.९२ साठी जुळवलेले नेटवर्क तसेच ठेवून चिप ८६६ वर बोलू लागली तर? फ्रिक्वेन्सी दुप्पट झाल्यामुळे कॉइलचे २० ओहम ४० झाले आणि कपॅसिटरचे २५ साडेबारा. अ‍ॅम्प्लिफायरला १० ऐवजी ३ ओहम रोध आणि त्याच्या जोडीला २८ ओहम रिअ‍ॅक्टन्स दिसतो. हिशेब केला तर शंभरातले बारा भाग अँटेनापर्यंत पोचतात, उरलेले अठ्ठ्याऐंशी माघारी फिरतात.

याच्या उलट, ८६६ साठी केलेले नेटवर्क अमेरिकेच्या ९१५ वर वापरले तर? शंभरातला एकच भाग परत येतो. क्यू फक्त २ असल्यामुळे नेटवर्कला एवढ्या फरकाचे काही वाटत नाही. बाजारातल्या पुष्कळ मॉड्यूलांवर ८६८ आणि ९१५ असे दोन आकडे शेजारी शेजारी का छापलेले असतात याचे उत्तर इथे आहे. भारतातले ८६५ सुद्धा त्याच घरात सामावते. नेटवर्कच्या दृष्टीने खरी फारकत ४३३ आणि ८६६ यांच्यात आहे.

दोन्ही बँड एकाच नेटवर्कने जुळवता येतील का? येतात, आणि त्याची युक्ती फार देखणी आहे. १९२४ साली रोनाल्ड फॉस्टर यांनी दाखवून दिले की ज्यात शक्ती खर्च होत नाही अशा कोणत्याही सर्किटचा रिअ‍ॅक्टन्स फ्रिक्वेन्सीबरोबर वाढतच जातो. तो वाटेत कधी उतरत नाही. म्हणून एका कॉइलकडून ४३३ वर २० आणि ८६६ वरही २० ओहम मिळणे अशक्य. पण वाढत वाढत अनंताला जाऊन पुन्हा उणे अनंतापासून सुरू व्हायला फॉस्टर यांच्या नियमाची हरकत नाही. कॉइल आणि कपॅसिटर समांतर जोडले की नेमके हेच होते. अनुनादाच्या, म्हणजे दोघांचे रिअ‍ॅक्टन्स सारखे होतात त्या फ्रिक्वेन्सीच्या, खाली ती जोडी कॉइलसारखी वागते, म्हणजे रिअ‍ॅक्टन्स अधिक; वर गेल्यावर कपॅसिटरसारखी, म्हणजे उणे.

मग एल-नेटवर्कमधल्या कॉइलच्या जागी ३.७ नॅनोहेन्री आणि १८.४ पिकोफॅरड समांतर जोडा. जमिनीकडच्या कपॅसिटरच्या जागी ९.२ नॅनोहेन्री आणि ७.३ पिकोफॅरड एकापुढे एक जोडा. दोन्ही जोड्यांचा अनुनाद ६१३ मेगाहर्ट्झवर येतो, जे ४३३.९२ आणि ८६६ यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ आहे. ४३३.९२ वर रेषेतली जोडी अधिक २० ओहम देते आणि जमिनीकडची उणे २५. म्हणजे आपले जुने नेटवर्क जसेच्या तसे. ८६६ वर चिन्हे उलटतात: रेषेत उणे २०, जमिनीकडे अधिक २५. आता रेषेत कपॅसिटर आणि जमिनीकडे कॉइल असल्यासारखे झाले, आणि गंमत म्हणजे तेही ५० चे १० च करते. चार भाग, दोन बँड, दोन्हीकडे पूर्ण जुळणी.

मध्ये ६१३ वर काय होते? रेषेतली जोडी वाट बंद करते, जमिनीकडची जोडी उरलेसुरले जमिनीत सोडते. काहीच पलीकडे जात नाही. हे वाया गेले असे वाटेल, पण ते तसे नाही. हेंड्रिक बोडे यांनी १९४५ च्या आपल्या ग्रंथात आणि त्यानंतर काही वर्षांनी रॉबर्ट फानो यांनी एक कठोर मर्यादा सिद्ध केली: ज्या भारात रिअ‍ॅक्टन्स आहे त्याच्यासाठी जुळणीचा एकूण साठा ठरलेला असतो. तो एका अरुंद पट्ट्यात दाट वापरा नाहीतर रुंद पट्ट्यात विरळ पसरा. जास्त मिळणार नाही. जिथे संपूर्ण परतफेड होते तिथे या साठ्यातला कणही खर्च होत नाही. आपल्याला ६१३ वर बोलायचेच नाही, तेव्हा तिथे काही खर्च न करणे हाच शहाणपणा. अँटेना लहान असतो आणि साठा तुटपुंजा असतो तेव्हा या काटकसरीचे मोल कळते.

किंमत दुसरीकडे मोजावी लागते. बाजारातल्या तांदळाच्या दाण्याहून लहान कॉइलांचा स्वतःचा क्यू, म्हणजे रिअ‍ॅक्टन्स भागिले कॉइलचा स्वतःचा रोध, ४० च्या आसपास असतो असे धरू. साध्या दोन भागांच्या नेटवर्कमध्ये अशा कॉइलमधून शंभरातले पाच भाग उष्णतेत जातात. चार भागांच्या नेटवर्कमध्ये ४३३ वर रेषेतल्या समांतर जोडीच्या आत प्रवाह फिरत राहतो. कॉइलमधून बाहेरच्या दुप्पट प्रवाह जातो आणि तिथेच दहा भाग संपतात. जमिनीकडच्या नव्या कॉइलचे आणखी पाच. ८६६ वर वाटे उलटतात, बेरीज तीच. म्हणजे नुकसान पाचावरून पंधराच्या घरात गेले. ज्या सेन्सरला एका बॅटरीवर वर्षानुवर्षे काढायची आहेत, त्याच्या आयुष्यातून हे वजा होते.

आणि इथे तो पहिल्या ओळीतला गुणाकार आडवा येतो. कोणताही अ‍ॅम्प्लिफायर जोरात चालवला की त्याच्या लहरीचे शेंडे कापले जातात आणि मूळ फ्रिक्वेन्सीच्या दुप्पट, तिप्पट असे पडसाद उमटतात. ४३३.९२ ची दुप्पट ८६७.८४. युरोपातल्या नियमांप्रमाणे अशा नको असलेल्या पडसादाला एक गिगाहर्ट्झच्या खाली फार तर पाव मायक्रोवॅटची मुभा आहे. प्रक्षेपक १० मिलिवॅटचा असेल तर पडसाद त्याच्या चाळीस हजाराव्या हिश्शाहून कमी हवा. साधे ४३३ चे नेटवर्क ८६६ ला बाराच टक्के जाऊ देत होते. जो त्याचा दोष वाटला होता, तेच एका बाजूने संरक्षण होते. आपण मोठ्या कौशल्याने घडवलेले चार भागांचे नेटवर्क मात्र नेमकी ८६७.८४ चीच वाट सताड उघडी ठेवते. पुढे गाळणी लावावी म्हटले तर ती ८६६ चा खरा संदेशही अडवणार.

माझ्या मते म्हणूनच ४३३ आणि ८६६ या जोडीसाठी चार भागांचे नेटवर्क प्रक्षेपकात वापरू नये. ग्रहणाच्या बाजूला वापरायला हरकत नाही. प्रक्षेपकासाठी वाटा वेगळ्या करणेच बरे. ४३३ च्या वाटेवर तिचे स्वतःचे नेटवर्क आणि वरचे सगळे अडवणारी गाळणी. ८६६ च्या वाटेवर तिची वेगळी. शेवटी अँटेनाजवळ एक इलेक्ट्रॉनिक स्विच. स्विचमध्ये साधारण सात ते अकरा टक्के शक्ती जाते. साध्या नेटवर्कचे पाच धरून बेरीज पुन्हा पंधराच्या आसपासच येते. म्हणजे नुकसान जवळपास तेवढेच, पण कायद्याची बाजू सांभाळली जाते. सेमटेकच्याच एसएक्स१२७६ या आधीच्या चिपमध्ये खालच्या बँडांसाठी वेगळ्या पिना आणि ८६२ ते १०२० साठी वेगळ्या पिना दिलेल्या आहेत. तिथे स्विचही टाळता येतो: एका वाटेत फक्त खालचे जाऊ देणारी गाळणी, दुसरीत फक्त वरचे जाऊ देणारी, आणि दोन्हींची टोके अँटेनापाशी एकत्र. याला डायप्लेक्सर म्हणतात. त्यातली खालची गाळणी ४३३ चा पडसादही आपसूक अडवते. नुसत्या पिनांच्या मांडणीने एवढी सोय होते, म्हणून चिप निवडताना माहितीपत्रकातले हे पान पहिले उघडावे.

एवढे झाले तरी अँटेना एकच आहे, आणि तो ५० ओहमचा आहे असे आपण गृहीत धरले होते. ८६६ साठी पाव तरंगलांबीची तार घेतली तर ती ८.७ सेंटिमीटर होते. चांगली जमीन मिळाली तर तिचा रोध ३६ ओहमच्या आसपास असतो, जुळवायला सोपा. हीच तार ४३३ वर अष्टमांश तरंगलांबीची ठरते. तिचा प्रक्षेपणाचा रोध सहा-सात ओहमवर येतो आणि सोबत अडीचशे ओहमच्या घरातला कपॅसिटरसारखा रिअ‍ॅक्टन्स. तो खोडायला नव्वद नॅनोहेन्रीच्या आसपासची कॉइल लागते. तिचा क्यू ५० धरला तर तिचा स्वतःचाच रोध पाच ओहम. सहा-सात ओहम बाहेर पाठवणारे, पाच ओहम तापणारे. मोजणीच्या यंत्रावर जुळणी सुरेख दिसेल, परतफेड शून्य दिसेल, आणि तरी चाळीस-पंचेचाळीस टक्के शक्ती त्या कॉइलमध्येच संपलेली असेल. परतफेड नाही म्हणजे शक्ती बाहेर गेली, असा अर्थ कधीही घेऊ नये. या क्षेत्रात इतक्या वेळा फसवणारी दुसरी गोष्ट क्वचितच असेल.

सुटे कॉइल आणि कपॅसिटर न वापरता केलेली जुळणी पाहायची असेल तर कपड्यांच्या दुकानातले आरएफआयडी लेबल उजेडासमोर धरावे. मधोमध टाचणीच्या टोकाएवढी काळी चिप. तिला लागून धातूचा एक लहानसा बंद वेढा. त्या वेढ्यातून दोन्ही बाजूंना नागमोडी हात निघालेले. चिपचा रोध दहा-वीस ओहम आणि रिअ‍ॅक्टन्स उणे शंभर-दोनशे ओहम. तो वेढा म्हणजेच कॉइल. तिचा आकार चिपचा रिअ‍ॅक्टन्स खोडतो, आणि हात त्याला कुठे व किती जवळ जोडले आहेत त्यावर रोध ठरतो. हे लेबल भारतात ८६५ वर, अमेरिकेत ९०२ ते ९२८ वर वाचले गेले पाहिजे, म्हणून वेढ्याचा आणि हातांचा अनुनाद मुद्दाम जरा वेगवेगळा ठेवून पट्टा रुंद केलेला असतो. फास्टॅगच्या आतही याच कुळातला अँटेना आहे. फरक एवढाच की तो काचेवर चिकटणार हे गृहीत धरून आखलेला असतो, कारण काचेला टेकताच अनुनाद खाली सरकतो. तोच टॅग हवेत धरून मोजला तर आकडे भलतेच येतात.

हीच गोष्ट बोर्ड जुळवतानाही लागू पडते. जुळणी उघड्या बोर्डावर करू नये. बॅटरी आत, झाकण लावलेले, आणि वस्तू जिथे बसणार तिथल्यासारखी परिस्थिती हवी. पाण्याचा मीटर लोखंडी झाकणाखालच्या ओल्या खड्ड्यात राहणार असेल तर टेबलावरच्या हवेत केलेली जुळणी तिथे टिकत नाही. आधी अँटेना चिपपासून तोडून एकटा मोजावा. मोजणीची बारीक केबल थेट त्याच्या पायथ्याशी डाखावी आणि यंत्राचे कॅलिब्रेशन त्या केबलच्या टोकापर्यंत आणावे, नाहीतर केबलची लांबीच मोजली जाते. चिपच्या बाजूचे नेटवर्क तपासताना अँटेनाच्या जागी ५० ओहम लावून शक्ती, बॅटरीतून जाणारा प्रवाह आणि पडसाद हे तिन्ही एकदम पाहावेत. नेटवर्कसाठी बोर्डावर तीन जागा मोकळ्या सोडाव्यात. आज एकच भाग लागला तरी उद्या खोका बदलला की उरलेल्या दोन कामी येतात. काही हजार रुपयांत मिळणाऱ्या खिशात मावणाऱ्या व्हीएनए या मोजणीच्या यंत्रांनी हे काम आता महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांतही आणले आहे. ही फार मोठी गोष्ट आहे. पूर्वी असे यंत्र हाताळायला मोठ्या कंपनीत नोकरी मिळवावी लागे.

एक गिगाहर्ट्झच्या खालचे अनेक बँड एकाच यंत्रात बसवण्याचे एक भव्य उदाहरण पुणे जिल्ह्यात, नारायणगावजवळ खोडद इथे उभे आहे. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभारलेल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या मूळच्या १५०, २३३, ३२७, ६१० आणि १४२० मेगाहर्ट्झ या बँडांवर काम करत. तिथे वेगळ्या वाटांचा मार्ग अक्षरशः घेतला होता. तबकडीच्या नाभीपाशी चार तोंडांचा एक फिरता सांगाडा, प्रत्येक तोंडाला वेगळ्या बँडचा अँटेना, आणि ज्या बँडचे निरीक्षण करायचे ते तोंड तबकडीकडे वळवायचे. २३३ आणि ६१० यांना मात्र एकाच तोंडावर एकमेकांच्या पोटात बसवले होते, म्हणजे दोन बँडांचा सामाईक संसार तिथेही होताच. पुढे दुर्बिणीचे नूतनीकरण झाले तेव्हा अरुंद बँड सोडून रुंद पट्टे घेतले: १२५ ते २५०, २५० ते ५००, ५५० ते ८५० आणि १०५० ते १४५०. पहिले दोन तर खालच्या टोकापासून थेट दुपटीपर्यंत जातात. बोडे आणि फानो यांची मर्यादा इथेही तीच आहे. एवढ्या रुंदीत परिपूर्ण जुळणी मिळत नाही. रुंद पट्ट्याचे अँटेना आखणारे सहसा दहा टक्क्यांपर्यंतची परतफेड मान्य करून चालतात.

पण दुर्बीण फक्त ऐकते, बोलत नाही. त्यामुळे जुळणीतून काय साधायचे हे तिथे बदलते. प्रश्न शक्तीचा नसून गोंगाटाचा असतो. हा गोंगाट तापमानाच्या एककात, केल्विनमध्ये, मोजतात. आकाशगंगेचा स्वतःचा रेडिओ गोंगाट खालच्या फ्रिक्वेन्सीला प्रचंड वाढतो: १५० मेगाहर्ट्झवर आकाशाच्या शांत भागातही तो साधारण ३०० केल्विन असतो, ६१० वर दहाच्या आसपास. अँटेना आणि पहिला अ‍ॅम्प्लिफायर यांच्या मधल्या भागांत पाच टक्के शक्ती उष्णतेत गेली, तर तो भाग आपल्या तापमानाचा पाच टक्के गोंगाट, म्हणजे सुमारे १५ केल्विन, संदेशात मिसळतो. १५० वर हे पंधरा आकाशाच्या तीनशेंत हरवून जातात. ६१० वर ते आकाशाच्या गोंगाटापेक्षाही जास्त भरतात. म्हणून खालच्या पट्ट्यात जुळवणीसाठी आणखी दोन कॉइल घालायला मोकळीक आहे, आणि ५५० ते ८५० च्या पट्ट्यात पहिला अ‍ॅम्प्लिफायर अँटेनाला जवळजवळ चिकटून बसवावा लागतो.